शेतातली कीड रानात शिरते तेव्हा

पिकावर कीड पडली की पहिला संशय बांधापलीकडच्या गवतावर आणि झुडपांवर जातो. ‘तिथेच वाढते आणि इकडे येते’ हे इतक्यांदा ऐकू येते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. बांध जाळणे, झुडपे तोडणे, पडीक तुकडा साफ करणे हे सगळे उपाय याच समजुतीतून निघतात. समजूत निव्वळ खोटी नाही. पण किड्यांची ये-जा दोन्ही बाजूंनी चालते, आणि शेतातून रानात जाणारी गर्दी कित्येकदा उलट्या गर्दीपेक्षा मोठी असते. तिचा हिशोब मात्र फारसा कुणी मांडत नाही, कारण रानातल्या नुकसानीची पावती कुणाच्याच नावावर फाटत नाही.

या लेखात ‘रान’ म्हणजे न पेरलेली, आपल्या आपण वाढलेली जमीन. मग ते जंगल असो, माळ असो की नदीकाठची झाडी.

मुळात कीड म्हणजे कोण?

निसर्गात कुणीच जन्मतः कीड नसते. अमेरिकेत रॉकी पर्वतांच्या पूर्वेला काटेरी रानवांग्यासारख्या एका झुडपावर जगणारा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक भुंगेरा होता. कीटकशास्त्रज्ञ थॉमस से यांनी 1824 मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा त्याच्याकडे लक्ष द्यावे असे काही कारण नव्हते. वसाहती पश्चिमेकडे सरकल्या, बटाटा त्याच्या दारात आला. 1859 मध्ये नेब्रास्कात त्याने बटाट्याची शेते फस्त केली आणि 1874 पर्यंत तो अटलांटिक किनाऱ्यावर पोचला. हाच कोलोरॅडो बटाटा भुंगेरा.

इथे किडा रानातून आला हे खरेच. पण बटाट्याची सलग शेते मिळाली नसती तर तो त्या झुडपावरच राहिला असता. रानाने मूठभर किडे दिले, त्यांचे लाखो शेताने केले. हे लाखो नंतर जातात कुठे, हा आपला विषय.

एका अधिवासात वाढलेले जीव शेजारच्या वेगळ्या अधिवासात जाऊन तिथल्या जिवांवर परिणाम करू लागले की शास्त्रज्ञ त्याला ‘स्पिलओव्हर’ म्हणतात. आपण त्याला ओसंडणे म्हणू.

शेतात इतके किडे होतात कसे?

रानात एखाद्या अळीला आपल्या आवडीचे झाड शोधावे लागते. मध्ये दहा नावडती झाडे येतात, शोधाशोधीत पक्षी टिपतो, पाऊस झोडपतो. शेतात जिकडे तोंड वळेल तिकडे तेच झाड. 1973 मध्ये रिचर्ड रूट यांनी कोबीच्या कुळातली एक पालेभाजी दोन प्रकारे लावून पाहिली: काही ठिकाणी सलग, तर काही ठिकाणी माळाच्या गवताझुडपांत एकेक ओळ. पाने कुरतडणारे बारीक भुंगेरे सलग लावणीत जास्त जमले, कारण आलेला किडा तिथून हलतच नव्हता.

त्यात खताची भर. नत्र भरपूर मिळालेले पान किड्याच्या दृष्टीने जास्त पौष्टिक असते. वर्षानुवर्षे निवड करून आपण बऱ्याच पिकांतला कडवटपणा आणि चीक कमी केला. वनस्पतीची स्वतःच्या बचावाची हत्यारे तीच होती.

माव्याचे उदाहरण घ्या. अनुकूल हंगामात माव्याची मादी नराशिवाय, थेट पिल्लांनाच जन्म देते, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढच्या पिल्लांची वाढ आधीच सुरू झालेली असते. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार. खाणे संपत नाही तोवर या वेगाला लगाम घालणारे दोघेच: हवामान आणि मित्रकीटक, म्हणजे किडीला खाणारे कीटक.

मग हे सगळे बाहेर का पडतात?

मोठ्या मैदानातला सामना संपतो तेव्हा काय होते ते आठवा. आत चाळीस हजार माणसे तासन्‌तास बसलेली असतात, शेजारच्या गल्लीला त्याचा पत्ताही नसतो. सामना संपला की अर्ध्या तासात तीच गर्दी त्या गल्लीतून वाहू लागते. गल्ली दोनशे माणसांसाठी बांधलेली. कुणाचा वाईट हेतू नसतो, तरी गल्लीतल्या कुंड्या फुटतात.

शेतातला सामना काढणीने संपतो. पीक कापले, नांगर फिरला की उडता येणारे सगळे एकाच आठवड्यात बेघर होतात. काढणी व्हायलाच हवी असेही नाही. दाणा भरून पाने वाळू लागली, रस आटला, की किडे आधीच हलू लागतात. माव्याच्या वसाहतीत दाटी झाली किंवा झाडाची प्रत घसरली की पुढच्या पिढीत पंखवाली पिल्ले निघू लागतात. जणू स्थलांतराचा आदेशच.

दुसरे कारण कमी माहितीतले आहे. बऱ्याच किड्यांचे बालपण आणि तारुण्य वेगवेगळ्या ताटात जेवते. अळी मुळे खाते, तर प्रौढ भुंगेरा परागकण. शेत बालपणाची सोय उत्तम करते आणि तारुण्याची अर्धवट. उरलेली सोय किडा बांधापलीकडे शोधतो.

अंतराचे म्हणाल तर, इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्राने 1964 पासून 12.2 मीटर उंचीवर हवा ओढून घेणारे सापळे चालवले आहेत. एवढ्या उंचीवर पंखवाला मावा नित्य सापडतो. स्वतःच्या बळावर तो फार उडत नाही, पण वारा त्याला शेतांच्या कित्येक हद्दी ओलांडून नेतो. भुंगेऱ्यांचे तसे नाही. त्यांचा त्रास बहुधा रानाच्या कडेलाच जास्त जाणवतो.

मिनेसोटातली सूर्यफुले

उत्तर अमेरिकेतल्या उंच गवताच्या मूळ कुरणांपैकी, म्हणजे प्रेअरीपैकी, आज जेमतेम 4 टक्के उरली आहेत असे सांगतात. बहुतेक ठिकाणी मका आणि सोयाबीनच्या समुद्रात अडकलेले तुकडे. मिनेसोटा राज्यातल्या अशा तुकड्यांचा एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो या विषयातला नमुना मानला जातो.

तिथे मक्याची मुळे खाणारा एक भुंगेरा आहे. अळी जमिनीखाली मुळांवर वाढते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात प्रौढ बाहेर पडतात आणि मक्याचे परागकण व कणसावरचे रेशमी तंतू खातात. तंतू वाळले की मक्यात त्यांच्यासाठी काही उरत नाही, आणि नेमके त्याच सुमारास प्रेअरीत रानटी सूर्यफूल फुललेले असते. भुंगेरे तिकडे वळतात. संशोधकांना मक्याला लागून असलेल्या कडेला भुंगेऱ्यांची संख्या जास्त आढळली, तिथली फुले जास्त कुरतडलेली होती आणि भुंगेऱ्यांमुळे बी कमी धरत होते.

गंमत अशी की हा भुंगेरा परका नाही, तिथलाच आहे. त्याची संख्या तेवढी परकी आहे, कारण ती मक्याने पोसलेली. ‘परदेशी कीड रोखा’ एवढ्या एका घोषणेने हा प्रश्न म्हणूनच सुटत नाही.

थोडी पाने खाल्ली, बिघडले काय?

ही शंका रास्त आहे. रानटी झाडे हजारो वर्षे किड्यांना पुरून उरली आहेत. मोठे, दीर्घायुषी, सगळीकडे आढळणारे झाड एका हंगामाच्या हल्ल्याने डगमगतही नाही. धोका असतो तो थोड्याच उरलेल्या वनस्पतींना, आणि पानांऐवजी फुलांवर आणि बियांवर होणाऱ्या हल्ल्याचा. एका वर्षी बी कमी पडले तर चालते. शेजारचे शेत मात्र दरवर्षी पिकते.

न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर कोबीच्या कुळातली एक वनस्पती आहे. कॅप्टन कुकच्या खलाशांनी स्कर्व्ही टाळायला ती खाल्ली, म्हणून तिच्या इंग्रजी नावात आजही कुक आहे. एके काळी मुबलक असलेली ही वनस्पती आता दुर्मीळ झाली. गुराढोरांनी चरणे, समुद्रपक्षी घटल्याने त्यांच्या विष्ठेचे खत कमी होणे, अशी कारणे त्यामागे आहेतच. पण उरलेल्या रोपांवर हल्ला करतात ते थेट कोबीच्या मळ्यातले शत्रू: पांढरे फुलपाखरू, चौकोनी ठिपक्यांचा पतंग, मावा. हे किडे कोबीवर जगून आहेत, त्यामुळे रानातली रोपे संपत आली म्हणून त्यांची उपासमार होत नाही. इथेच खरी मेख आहे. एकाच वनस्पतीवर जगणारा किडा ती दुर्मीळ झाली की स्वतःही घटतो आणि तिला सावरायला अवधी मिळतो. शेताचा आधार असलेल्या किड्याला तसे घटावे लागत नाही. तो शेवटच्या रोपापर्यंत खाऊ शकतो.

म्हणूनच 2010 मध्ये नेल्सन शहरात युरोपातले मोठे पांढरे फुलपाखरू सापडले तेव्हा तिथल्या संवर्धन विभागाने मोहीमच उघडली. भीती कोबीची होती तितकीच त्या कुळातल्या देशी वनस्पतींची. 2013 मध्ये शाळेच्या सुट्टीत मुलांना पकडलेल्या प्रत्येक फुलपाखरामागे 10 डॉलरचे बक्षीस लावले. 2016 मध्ये निर्मूलन पूर्ण झाल्याचे जाहीर झाले.

न दिसणारे प्रवासी: विषाणू

गवतवर्गीय पिकांना खुजे आणि पिवळे करणारा एक विषाणू आहे, बार्ली यलो ड्वार्फ. तो बियांतून पसरत नाही, वाऱ्याने पसरत नाही, फक्त माव्याच्या सोंडेतून पसरतो. गहू, ओट, बार्ली आणि त्यांची रानटी भावंडे त्याला घर देतात. कॅलिफोर्नियाच्या माळांवर बाहेरून आलेल्या वर्षायू गवतांनी, विशेषतः रानटी ओटने, मावा पोसला, आणि त्या शेजारामुळे देशी बहुवर्षायू गवतांतही हा रोग वाढला. ही गवते पेरलेली नव्हती, पण पेरलेल्या ओटशेजारी यंत्रणा तीच असते. इथे माव्याने किती रस प्यायला याला फारसे महत्त्व नाही. विषाणू वाहणाऱ्या एकाच माव्याने थोडा वेळ रस शोषला तरी काम झाले.

रानात भक्षक आहेतच की

आहेत. पण शेतही भक्षक तयार करते आणि तेही ओसंडतात.

मावा वाढला की त्याला खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) वाढतात. शेतकरी त्यांना मित्र म्हणतो, आणि ते आहेतही. पीक वाळले की हे ढालकिडे भुकेले होऊन रानात जातात आणि रानटी झाडांवरचा मावा, बारीक अळ्या, अंडी खाऊ लागतात. नेब्रास्कात तात्याना रँड आणि स्वाता लाउडा यांना दिसले की भोवती शेती जास्त असलेल्या गवताळ भागात ढालकिडेही जास्त आहेत. न्यूझीलंडमध्ये लागवडीच्या पाइन जंगलातून आणि शेजारच्या देशी जंगलातून दोन्ही दिशांनी जाणारे मित्रकीटक मोजले गेले, तेव्हा पारडे लागवडीकडून देशी जंगलाकडे झुकलेले निघाले.

आता समजा, शेतातला एक मावा आणि रानातला दुसरा. दोघे एकमेकांना कधी भेटत नाहीत, त्यांचे अन्नही वेगळे. पण दोघांना खाणारा ढालकिडा एकच. शेतातल्या माव्यावर ढालकिड्यांची फौज वाढते आणि ती रानातल्या माव्याला संपवते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, या दोन माव्यांत स्पर्धा आहे आणि रानातला हरला. रॉबर्ट होल्ट यांनी 1977 मध्ये या खेळाला ‘भासमान स्पर्धा’ असे नाव दिले. मला या संपूर्ण विषयातला हा सर्वांत कपटी भाग वाटतो, कारण गुन्हेगार घटनास्थळी फिरकतच नाही.

मुद्दाम आणून सोडलेल्या मित्रकीटकांनी हे अधिकच स्पष्ट केले. आशियातला हार्लेक्विन ढालकिडा माव्यावर उपाय म्हणून अमेरिका आणि युरोपात सोडला गेला. 2004 मध्ये तो ब्रिटनमध्ये पोचला. पुढच्या पाच वर्षांत तिथल्या दोन ठिपक्यांच्या देशी ढालकिड्याचा आढळ 44 टक्क्यांनी घटला. नवा पाहुणा जुन्यांचे अन्न तर खातोच, त्यांची अंडी आणि अळ्याही खातो.

हवाई बेटांतल्या कवाईवर अलाकाई नावाची दलदल आहे. दुर्गम, उंचावरची, शेतीपासून दूर. तिथल्या देशी पतंगांच्या अळ्या गोळा करून, त्यांच्या शरीरातून कोणते परोपजीवी कीटक बाहेर पडतात ते दोघा संशोधकांनी पाहिले. 2001 मध्ये आलेला निकाल असा: 83 टक्के परोपजीवी शेतीतल्या किडींचा बंदोबस्त करायला आणलेल्या जातींचे, 14 टक्के चुकून आलेल्या जातींचे आणि देशी फक्त 3 टक्के. त्या आणलेल्या जाती 1945 च्या आधी सोडलेल्या होत्या. अर्धशतक त्या रानात आपले काम करत होत्या आणि शेतीच्या हिशोबात ती मोहीम कधीच संपलेली होती. याचा अर्थ जैविक नियंत्रण वाईट असा मी घेत नाही. आज अशी जात सोडण्याआधी ती आणखी कुणाला खाते याच्या चाचण्या पूर्वीपेक्षा पुष्कळ कडक आहेत. पण ‘मित्र’ कुणाचा, हे विचारायला हवे.

रानाचा तुकडा केवढा, यावर किती अवलंबून?

फार. कागदावर करून पाहण्यासारखा हिशोब आहे. समजा ओसंडलेल्या किड्यांचा त्रास कडेपासून 25 मीटर आतपर्यंत पोचतो. शंभर मीटर लांब-रुंद, म्हणजे एक हेक्टरच्या चौकोनी तुकड्यात चारही बाजूंनी 25 मीटर वजा केले तर मधे 50 बाय 50 मीटर उरतात: फक्त पाव हेक्टर. असे शंभर सुटे तुकडे मिळून सुरक्षित जमीन 25 हेक्टर. तीच शंभर हेक्टर जमीन एक किलोमीटर लांब-रुंद सलग ठेवली तर आतला भाग 90 हेक्टरांहून जास्त. जमीन तेवढीच, फरक फक्त कडेचा. अंतर प्रत्येक किड्यागणिक वेगळे असते, 25 हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे.

शिवाय शेजारी एकमेकांसारखे असले की ये-जा सोपी होते. गव्हाशेजारी गवताळ माळ असेल तर गव्हावरच्या कित्येक किड्यांना हद्द जाणवतही नाही. घनदाट, सावलीच्या जंगलात त्यांपैकी थोडेच तग धरतात.

मग रान साफच केले तर? भांडणच मिटेल

रान काढून टाकले तर रानाचे नुकसान थांबते, हे एका अर्थी खरे. रोगी गेला की रोगही जातो! शेतीला तरी यातून फायदा होतो का? 2006 च्या एका आढाव्यात 74 टक्के अभ्यासांत असे दिसले की शेताभोवती रान, झुडपे, कुरणे असतील तर मित्रकीटक जास्त असतात. किडीचा जोर मात्र 45 टक्के अभ्यासांतच कमी होता. 2018 मध्ये 132 अभ्यासांची, 6,759 ठिकाणांची माहिती एकत्र केली तेव्हा चित्र आणखी विस्कटले: कुठे रानाचा फायदा, कुठे तोटा, कुठे काहीच नाही. ‘रान ठेवा, कीड जाईल’ असे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तेही तितकेच घाईचे.

आणि फवारणी वाढवली तर?

रानात फवारता येत नाही. तिथे ज्याला वाचवायचे तोच आधी मरेल. शेतात वाढवली तर मित्रकीटक किडीच्या आधी जातात आणि कीड पुन्हा उसळते. औषधेही बांधाशी थांबत नाहीत. जर्मनीतल्या 21 संरक्षित क्षेत्रांत पकडलेल्या कीटकांची तपासणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली: एकूण 47 कीडनाशके सापडली, एकेका नमुन्यात सरासरी 16 हून जास्त. रानात राहणारे कीटकही भोवतालच्या शेतांत चरून येतात.

करता येण्यासारखे काय आहे?

गर्दी एकदम बाहेर पडू न देणे हा सर्वांत सरळ उपाय, आणि तो जुना आहे. कॅलिफोर्नियात लसूणघास कापला की त्यातला लायगस नावाचा ढेकूण शेजारच्या कपाशीवर तुटून पडे. 1960 च्या दशकात व्हर्नन स्टर्न आणि सहकाऱ्यांनी घास पट्ट्यापट्ट्यांनी कापून पाहिला. एक पट्टा कापला जाई तेव्हा शेजारचा अर्धा वाढलेला असे. ढेकूण तिकडे सरकत, कपाशी वाचे. तिथे बांधापलीकडे दुसरे शेत होते. रान असते तरी किड्याने हेच केले असते.

रानाला लागून त्या किडीला न चालणारे पीक घेणे, म्हणजे मक्याऐवजी कडेला काही ओळी दुसऱ्या कशाच्या, हाही मार्ग आहे. वाऱ्यावर येणाऱ्या माव्यापुढे तो टिकणार नाही, रांगत-उडत येणाऱ्या भुंगेऱ्यांना काहीसा अडवेल. पिकांची फेरपालट मुळावरच घाव घालते: मक्याच्या जागी सोयाबीन आले की मातीतल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना मक्याचे मूळच सापडत नाही. पण सूर्यफुले खाणाऱ्या त्याच भुंगेऱ्याने यावरही तोड काढली आहे. काही भागांत त्याची अंडी एक हिवाळा सोडून दुसऱ्या हिवाळ्यानंतर उबतात, म्हणजे मका परत येतो तेव्हा. एकाआड एक वर्षाची फेरपालट तिथे पुरत नाही, तिसरे पीक मधे घालावे लागते.

रानाची देखभाल करणाऱ्यांच्या हातात फारसे काही नसते, पण वेळापत्रक असते. शेजारच्या मक्याला तुरे कधी आले आणि कणसावरचे तंतू कधी वाळले, एवढ्या नोंदी ठेवल्या तरी भुंगेरे प्रेअरीकडे कधी वळतील याचा अंदाज बांधता येतो. मग दुर्मीळ फुलझाडांची नवी लागवड मक्याच्या कडेला न करता तुकड्याच्या मधोमध करणे, किंवा निवडक रोपांवर त्या दोन-तीन आठवड्यांपुरती जाळी टाकणे शक्य होते.